जेसिंताबायची संध्याकाळ

“संध्याकाळचं कोन घरात बसतं गो वैनी? घर काय पळून जातंय?”

हे वाक्य मी माझ्याच दारात उभी राहून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. माझे हात कणकेनं भरलेले, गॅसवर कुकर, दुसऱ्या शिट्टीची वाट बघणं चाललेलं, आणि समोर जेसिंताबाय. काखेत घडीची खुर्ची. मी म्हणायची, “अहो, स्वयंपाक व्हायचाय.” ती म्हणायची, “इतक्यात कोन जेवतं?” आमच्या घरी साडेआठला ताट लागलं नाही तर आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन घड्याळाकडे बघतात. तोंडातून चकार शब्द नाही, नुसतं घड्याळाकडे. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, त्या बघण्यात काडीचा फरक नाही.

खरं सांगायचं तर संध्याकाळ म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. नोकरी होती तेव्हा ऑफिसातून यायचं, चपला काढायच्या आणि थेट ओट्याशी. मुलं लहान होती, मग मोठी झाली, मग परदेशी गेली, पण ओटा जागचा हलला नाही. रिटायर झाले तेव्हा वाटलं, आता सुटले. कसली सुटते! फक्त ऑफिस सुटलं. त्या दिवसांत मी इतकी दमलेली असायची की कोणी ‘कशी आहेस’ विचारलं तरी राग यायचा. तेव्हाच ही बाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

जेसिंताबाय मूळची वसई किल्ल्याकडच्या कोळीवाड्यातली, ख्रिस्ती कोळ्यांपैकी. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तरुणपणी मिशनच्या सिस्टर लोकांनी तिला आधी मुंबईत आणि मग थेट स्पेनला नेलं, त्यांच्या मठात स्वयंपाकाला. पुढे तिथल्याच एका खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला ती राहिली. त्यांना ती ‘सेन्योरा’ म्हणायची. इतकी वर्षं राहिली की इकडे आई गेली, बाप गेला, भावानं कोळीवाड्यातलं घर विकलं. शेवटी सेन्योराही गेल्या. मग ही परत आली, माणिकपूरला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आम्हाला जगायला शिकवायला लागली.

स्पेनहून आलीय म्हटल्यावर सगळ्यांची एकच गर्दी. बैलांची झुंज पाहिली का? फुटबॉल? समुद्र किती छान असेल ना? ती कपाळाला हात लावायची. “बैल मी टीवीवर बघितले. सेन्योरा त्या मानसांना शिव्या घालायची. समिंदर तर आमच्या गावातनं बसनं अर्धा दिवस लांब! मी कोलीन, आनि मला तिकडं टेकाडावर नेऊन टाकली. जिकडं बघावं तिकडं ओलिव्हची झाडं, रांगेनं, कुनी शाळेत उभी केल्यासारखी. पानी नाय, मासली नाय. उन्हाल्यात जमीन अशी तापते, की कुत्रा पन रस्ता ओलांडायचा इचार करतो.” मग जरा थांबून म्हणायची, “आनि स्पेन स्पेन काय करता? तिकडं कुनी सोताला स्पेनचं म्हनत नाय. जो तो आपल्या गावाचा. उत्तरेला पाऊस पडतो, आपल्यासारखा. तिथली भाषा येगली, जेवन येगलं. दक्षिनेची मानसं त्यांना हसतात, ती यांना हसतात.” केळकर काका यावर म्हणाले, “म्हणजे घाटी आणि कोकणी.” “तसंच,” ती म्हणाली, “फकस्त तिकडं दोगं पन दारू पिऊन हसतात.”

हे केळकर काका आमच्या तळमजल्यावरचे. राजापूरकडचे, बायको गेलेली, मुलगा-सून दोघं सकाळी सातला घर सोडणार. अत्यंत सभ्य माणूस. इतका सभ्य, की रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर यांनाच संकोच वाटायचा.

दुपारी दोन ते पाच जेसिंताबायचं दार बंद. खिडक्यांना बाहेरून बांबूच्या काड्यांचे, चिकाचे पडदे, सगळे खाली सोडलेले, घरात मिट्ट काळोख. कुरिअरवाले बेल वाजवून दमायचे आणि पार्सलं माझ्याकडे टाकून जायचे. आमचे हे म्हणाले, “स्पेनमध्ये सगळे असेच लोळतात, मी वाचलंय.” मी तिला तसं सांगितलं. ती भडकली. “त्यांना सांग, मोठ्या गावात सगली हापिसात असतात, झोपायला येल कुनाला? आनि खेड्यात जी झोपतात ती पहाटेपासून राबलेली असतात. तिसऱ्या प्रहरी शेतात गेलं तर मानूस मरंल. आलशी म्हनून नाय झोपत. राती जगायचं असतं म्हनून झोपतात.”

रात्री जगायचं. हे मला आधी कळलंच नाही. ती जेवायची दहाला. जेवण तरी काय, बटाटे घालून जाड केलेलं आम्लेट, पाव, टोमॅटो चोळून वर ओलिव्हचं तेल. ताट रिकामं झालं तरी तासभर उठायचं नाही. उष्ट्या हातांनी गप्पा. आमच्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच ताटं उचलायची घाई. एकदा मी तिच्याकडे जेवले आणि सवयीनं ताट उचलायला गेले, तर तिनं माझं मनगट धरून खाली बसवलं. “बस गो. भांडी काय रडतायत?” मी बसले. आणि काय झालं कोण जाणे, मला रडूच आलं. तिनं कारण विचारलं नाही, संत्रं सोलून हातात दिलं.

पण तिचं खरं वेड म्हणजे संध्याकाळ. तिच्या त्या गावात उन्हं उतरली की बाया घरातल्या खुर्च्या उचलून रस्त्यावर आणायच्या आणि आपापल्या दारासमोर बसायच्या. काही कामासाठी नाही, कुणाला भेटायला नाही. नुसतं वाऱ्याला बसायचं. चुन्यानं रंगवलेली घरं दिवसभराची धग सोडायची, आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हाताऱ्या, पोरं, गरोदर सुना. कोण मेलं, कोणाचं जमलं, ओलिव्ह यंदा किती उतरणार. तिथला सूर्यही उन्हाळ्यात नऊ-साडेनऊपर्यंत मावळत नाही म्हणे, त्यामुळे वेळच वेळ.

“पयल्यांदा मी उभीच असायची,” तिनं एकदा सांगितलं. “सेन्योराची खुर्ची बाहेर आनायची, तिला बसवायची आनि मागं उभं ऱ्हायचं. नोकर ना मी. कालं तोंड, भाषा येत नाय. बाया बोलायच्या, मी भिंतीला टेकून. एक आख्खा उन्हाला गेला असा. मग पुढच्या उन्हाल्यात एक दिवस समोरच्या घरातली बाई आली, पाकी नाव तिचं, हातात दोन खुर्च्या. एक आपल्याला घेतली, एक माज्या मागं ठेवली. माज्याकडं बघितलं पन नाय. मी सेन्योराकडं बघितलं, तर ती दुसरीकडंच बघत होती. मी बसले. त्या दिवसापासून मी त्या गावची.”

म्हणून मग आमच्या बिल्डिंगच्या गेटाशी, पाण्याच्या टाकीच्या कडेला, रोज साडेसहाला खुर्च्या. सुरुवातीला ती एकटीच. येणारे-जाणारे विचारत, “कोणाची वाट बघताय?” ती म्हणे, “तुमची.” मग केळकर काका आले. दुसऱ्या मजल्यावरच्या नाईक आजी आल्या, ज्यांना गुडघ्यांमुळे उतरायलाच पाव तास लागायचा. मग मी. कुकर आधीच लावून ठेवायला शिकले. आमच्या ह्यांना म्हटलं, भूक लागली तर वरण गरम करून घ्या. जेवणाबद्दल चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, “वरण कुठे असतं?”

सहा जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण. आपल्या वसईच्या ख्रिस्ती गावांतही असतो, पण तिनं तो स्पेनच्या रीतीनं केला. गोल कड्यासारखा गोड पाव भाजला, वर सुकामेवा, आणि आत वालाचा एक कोरडा दाणा लपवला. तिकडं ज्याच्या तुकड्यात दाणा येतो, त्यानं पुढच्या वर्षीचा पाव आणायचा, आणि सगळ्यांनी त्याला हसायचं. ही रीत तिनं आम्हाला आधी सांगितली नाही. तिला वाटलं, दाणा सापडला की कोणीतरी ओरडेलच, मग सांगू.

कोणी ओरडलं नाही. पाव संपला. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ताटलीतला चुरा बोटांनी चाळला. मग तिचा चेहरा पडला. “मी घातलाच नाय काय?” असं पुटपुटत वर गेली, आणि त्या संध्याकाळी परत खाली आली नाही. आम्हाला काही कळेना, काय घातलं नाही?

दुसऱ्या दिवशी केळकर काकांनी तिला बाजूला घेतलं. खिशातून रुमाल काढला, रुमालातून तो दाणा. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, पिठात निवडायचा राहिला असेल. दाढ जरा दुखावली. पण मी कोणाला म्हणजे कोणाला बोललो नाही हो.” लोकांच्या घरी जेवताना खडा लागला तर गुपचूप बाजूला काढायचा, यजमानिणीला कळू द्यायचं नाही, हे त्यांना आईनं शिकवलेलं. जेसिंताबाय आधी बघतच राहिली, आणि मग जी हसायला लागली ती पाण्याच्या टाकीला धरून खाली बसली. काका बिचारे घाबरले. सगळं कळल्यावर त्यांचे कान लाल. पण पुढच्या सहा जानेवारीला बेकरीतून स्वतः मावा केक घेऊन आले आणि त्यात वालाचा दाणा चमच्यानं असा खुपसला होता की भोक लांबूनच दिसत होतं.

सुख कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही? खरं तर खुपायलाही कोणाला वेळ नव्हता. गाड्या वाढल्या होत्या, जागा नव्हती, एवढंच. आमचा सेक्रेटरी सावंत वाईट माणूस नाही. रात्री नऊला कामावरून येतो आणि गाडी लावायला जागा शोधत दोन गल्ल्या फिरतो. त्यानं ठराव आणला, टाकीजवळची मोकळी जागा पार्किंगला द्यायची. मीटिंगला जेसिंताबाय झकास फुलाफुलांचा झगा घालून आली. आमच्याकडे बघून म्हणाली, “आपन इतके जन आहोत की. हात वर करायचे.”

तेव्हा तिला कळलं, आमच्यापैकी कोणाचाच हात चालत नाही. केळकर काकांचा फ्लॅट मुलाच्या नावावर. नाईक आजींचा सुनेच्या. माझं नाव कागदावर होतं, पण दुसरं, आणि मत पहिल्या नावाचं. आमच्या ह्यांनी, माझ्या शेजारी बसून, पार्किंगला हात वर केला. मी कोपरानं ढोसलं तर म्हणाले, “अगं, गाड्या कुठे लावायच्या लोकांनी?” आम्ही सगळी म्हातारी मागच्या रांगेत. ठरावाच्या विरुद्ध एकच हात वर. जेसिंताबायचा. ती तो हात बराच वेळ वर धरून होती. सावंतला शेवटी म्हणावं लागलं, “मावशी, झालं. लिहिलं.”

मी त्या रात्री आमच्या ह्यांना ताट वाढलं नाही. वरण कुठे असतं ते आता त्यांना माहीत होतं.

पण बाई पक्की कोळीण. दुसऱ्या दिवशी सावंतच्या दारात. “मला पन एक पार्किंग पायजे. मेंबर आहे ना मी?” तो म्हणाला, “मावशी, तुमच्याकडे गाडी कुठाय? गाडी असेल तरच जागा, असा नियम आहे.” “येईल,” ती म्हणाली. रविवारी तिचा भाचा विल्सन टेम्पोतून एक जुनाट स्कूटर घेऊन आला. इंजिन केव्हाच मेलेलं, पण नंबरप्लेट होती आणि कागदही होते. चिठ्ठ्या टाकल्या, तिला कोपऱ्यातली पंपाशेजारची जागा आली. मोटर चालू झाली की बोलणं ऐकू येत नसे. भिंतीला ओल होती, डास तर विचारू नका. पण तिथे स्कूटर उभी राहिली, आणि स्कूटरभोवती आमच्या खुर्च्या. केळकर काका कधीकधी स्कूटरवरच बसायचे आणि नाईक आजी म्हणायच्या, “काय, आज कुठे दौरा?” सावंत एखाद्या दिवशी लवकर आला, तर गाडी लावताना आमच्याकडे बघायचा. एकदा गाडी बंद करून तो दार न उघडता आतच डोळे मिटून बसलेला मी बघितला. घरी जाण्याआधीचा तेवढाच वेळ त्याचा असेल.

अशा किती संध्याकाळी मिळाल्या, आता आठवतही नाही. मोठं काही घडलं नाही त्यांत. ती पिठाचं शिंगाड्यासारखं दिसणारं काहीतरी तळून आणायची, साखर लावून खायचं. एकतीस डिसेंबरला मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायची त्यांची रीत. आमच्यापैकी कोणी तेवढं जागणार नाही म्हणून तिनं ती संध्याकाळी सातलाच उरकून घेतली, विल्सननं मोबाइलवर ठोके वाजवले. नाईक आजींना चौथ्या द्राक्षाला ठसका लागला. मी मनात म्हटलं, बाई गं, हे असंच चालू दे. दुसरं काही मागितलं नाही.

मग ती मोरीत पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पायानं जोर धरला नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. विल्सन चांगला मुलगा, पण त्याचं स्वतःचं घर म्हणजे एक खोली, दोन पोरं आणि बायको दिवसभर नोकरीला. त्यानं वालीवच्या पलीकडे सिस्टर चालवतात अशा एका वृद्धाश्रमात तिची सोय केली. तिला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं. मी, काका, आजी खाली उभे. मी तिच्या हाताला धरलं तर म्हणाली, “वैनी, पडदे खाली सोड. दुपारचं ऊन आत येतं.”

ती गेल्यावर आम्ही खाली जाणं सोडलं. कोणी ठरवलं नाही. काका म्हणत, पाय दुखतो. आजी म्हणत, डास फार. मी म्हणे, कुकर. बेल वाजवून शिव्या घालणारं माणूस नसलं की माणसं आपापल्या दारामागे गप्प होतात, हे मी तेव्हा शिकले, आणि शिकून काही उपयोग केला नाही. थकवा असा असतो, आपल्याला काय हवंय ते कळत असतं आणि उठवत नाही.

उन्हाळ्यात एकदा तिला भेटायला गेले. कारखान्यांच्या गल्ल्यांतून रिक्षा आत नेली, रिक्षावाल्याला म्हटलं थांब बाबा, परत यायचंय. ती व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसलेली. निम्मी झाली होती. मी मोसंबी नेली होती, ती तिनं मांडीवर ठेवली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, “साडेसहाला जेवन देतात हो इकडं. कोंबड्यांना देतात तसं. साताला आडवं करतात.”

मी म्हटलं, “बाकी सगळं नीट आहे ना?”

“सगलं नीट. सिस्टर देवमानूस आहे. जेवन गरम, चादर सोच्छ. मी कुनाला नाव ठेवत नाय. पन वैनी, माजी संध्याकाळ काढून घेतली. बाकी सगलं घ्या म्हनावं. मला फकस्त तेवडी पायजे.”

मी उठले आणि सिस्टरकडे गेले. तरुण पोरगी, झारखंडकडची, मराठी नुकतीच शिकलेली. भांड्यात खिचडी ढवळत होती. मी म्हटलं, जेसिंताबायना जरा उशिरापर्यंत बाहेर बसू द्याल का, रोज. ती हात न थांबवता म्हणाली, “आंटी, एकीला बाहेर ठेवलं तर सगळ्या मागणार.”

“मागू देत की.”

“मग त्यांना आत कोण घेणार? भरवणार कोण, धुणार कोण? मीच ना? सकाळी साडेचारला उठलीय मी. अजून खाली बसली नाही.” ती रागावून बोलली नाही. नुसतं सांगितलं. मी तिच्या पायांकडे बघितलं, सुजले होते. तिच्याशी भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. आयुष्यभर मीच ती होते, ओट्याशी उभी.

जेवणाची घंटा झाली. एकेक म्हातारी आत नेली गेली. मी जेसिंताबायच्या गालाला हात लावला, येते म्हटलं. तिनं मान हलवली, पण डोळे फाटकाबाहेर रस्त्याकडे होते, जिथे शिफ्ट सुटलेली माणसं डबे घेऊन चालली होती.

पावसाळा लागला आणि ती गेली. विल्सनचा फोन आला. मातीला आम्ही तिघंही गेलो, आजीसुद्धा. पण मला ती आठवते ती मी भेटायला गेले त्या दिवशीची, फाटकातून मागे वळून बघितलं तेव्हाची. सिस्टर ताट घेऊन बाहेर आली आणि खुर्ची ढकलायला लागली. जेसिंताबायनं दोन्ही चाकं हातांनी घट्ट धरलेली. सिस्टरनं पुन्हा ढकललं, खुर्ची हलली नाही. जेसिंताबाय मान वर करून तिला काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. सिस्टरनं एकदा आत बघितलं, आतून कोणीतरी हाका मारत होतं. मग ताट तिच्या मांडीवर ठेवलं, पायांतल्या चपला काढल्या आणि तिथेच खालच्या पायरीवर बसली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, “ताई, चला ना.” जेसिंताबायनं ताट तिच्यापुढे केलं. सिस्टरनं आधी नको नको केलं, मग एक घास घेतला. दोघी रस्त्याकडे बघत बसल्या. बाहेर अजून चांगला उजेड होता.